बी२९ : शांघायमधला एक माणूस, त्याच्या आतड्यातला एक जिवाणू आणि तेवीस आठवडे

शांघायमधल्या त्या माणसाचं वजन १७४.८ किलो होतं. उंचीच्या मानानं वजन किती, हे सांगणारा बॉडी मास इंडेक्स ५८.८. आपल्याकडे हा आकडा २५ झाला की डॉक्टर वजनाचा विषय काढतात. या माणसाच्या रक्तात साखर वाढलेली होती आणि रक्तदाबही चढलेला होता. शोधनिबंधात त्याचं नाव नाही, आणि ते नाही हेच योग्य. तिथे त्याची ओळख 'स्वयंसेवक' एवढीच.

तेवीस आठवडे त्यानं ठरवून दिलेला आहार घेतला. अखंड धान्यं, चीनमध्ये औषधी समजले जाणारे खाद्यपदार्थ आणि आतड्यातल्या जिवाणूंना पोसणारे तंतुमय पदार्थ. पहिल्या नऊ आठवड्यांत वजन ३०.१ किलोंनी उतरलं. तेविसाव्या आठवड्याअखेर घट ५१.४ किलोंवर गेली. साखर आणि रक्तदाब दोन्ही ताळ्यावर आले.

वजन उतरल्याच्या गोष्टी रोज कानावर येतात. तेवढंच असतं तर या प्रकरणावर मी इतकं लिहिलं नसतं. त्याचं महत्त्व पुढच्या पायरीत आहे. संशोधकांनी या माणसाच्या शौचाचे नमुने सुरुवातीपासून तपासले होते. त्यांत एक जिवाणू बेसुमार माजलेला दिसला. त्यांनी तो वेगळा काढला, त्याला बी२९ असं नाव दिलं आणि ज्यांच्या आतड्यात एकही जिवाणू नाही अशा उंदरांना तो पाजला. माणसाच्या पोटातला एखादा जिवाणू लठ्ठपणाला कारण ठरू शकतो का, हा प्रश्न इतक्या थेटपणे त्याआधी क्वचितच कुणी विचारला होता. हा निबंध डिसेंबर २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिलं नाव फेइ ना यांचं, आणि प्रयोगशाळा शांघायच्या जियाओ तोंग विद्यापीठातल्या झाओ लिपिंग यांची.

झाओ यांच्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण या प्रयोगाची सुरुवात त्यांच्या स्वतःच्या पोटापासून झाली. ते मूळचे शान्शी प्रांतातले, पेशानं सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ. २००४ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुइसहून जेफ्री गॉर्डन यांच्या प्रयोगशाळेचा एक निबंध आला. जंतुविरहित वाढवलेल्या उंदरांना साध्या उंदरांच्या आतड्यातले जिवाणू दिले, तर दोन आठवड्यांत त्यांच्या अंगावरची चरबी सुमारे ६० टक्क्यांनी वाढत होती, तेही आधीपेक्षा कमी खाऊन. झाओ यांचं स्वतःचं वजन तेव्हा बरंच वाढलेलं होतं. २००६ मध्ये त्यांनी कारलं, चिनी कंद आणि अखंड धान्यं यांवर भर असलेला आहार सुरू केला. हा चिनी कंद आपल्या कोनफळाच्या जातकुळीतला. वजनाबरोबर ते स्वतःच्या आतड्यातले जिवाणूही मोजत गेले. दोन वर्षांत २० किलो उतरले. फिकॅलिबॅक्टेरियम प्राउस्निट्झी नावाचा, दाह शमवणारा समजला जाणारा जिवाणू आधी त्यांच्यात सापडतच नव्हता. तो वाढत वाढत आतड्यातल्या एकूण जिवाणूंच्या १४.५ टक्क्यांवर गेला.

स्वतःवर केलेल्या प्रयोगाला पुरावा म्हणता येत नाही, आणि झाओ यांनीही त्याला पुरावा मानलं नाही. पण कुठे खणायचं हे त्यातून कळलं.

स्वयंसेवकाच्या त्या आहारात नेमकं काय होतं? याच गटानं पुढे पोटाचा घेर वाढलेल्या जास्त लोकांवर हा आहार वापरला, तेव्हा त्याची घडण तपशिलात छापली. ओट, कुट्टू, मका, सोयाबीन, घेवड्याचे दाणे, शेंगदाणे, कमळबीज आणि तो कंद अशा बारा जिनसांची शिजवलेली पेज हा त्याचा गाभा. सोबत कारल्याची पूड. त्याखेरीज लहान आतड्यात न पचणारे, मोठ्या आतड्यापर्यंत जसेच्या तसे पोचणारे तंतू. अन्न आणि औषध यांचं मूळ एकच, असं चिनी वैद्यकात मानतात. पथ्यपाण्यावर वाढलेल्या आपल्या घरांना हे वेगळं समजवावं लागत नाही. या यादीतल्या निम्म्या वस्तू आपल्या वाण्याकडे मिळतात, हेही मला लक्षात घेण्यासारखं वाटतं.

आता आतड्याच्या आत पाहू. सुरुवातीला या माणसाच्या आतड्यातल्या जिवाणूंपैकी ३५ टक्के एकट्या एंटेरोबॅक्टर या कुळातले होते. हे कुळ निरोगी आतड्यातही असतं, पण अगदी थोडं, कुठेतरी कोपऱ्यात. एक तृतीयांशाहून अधिक जागा एकानंच बळकावणं म्हणजे शेतात तण पिकापेक्षा वर जाणं. नऊ आठवड्यांनी तो आकडा १.८ टक्क्यांवर आला. तेवीस आठवड्यांनी त्याच तपासण्यांत हा जिवाणू सापडेनासा झाला.

एंटेरोबॅक्टर माजला तर बिघडतं काय? या जातीच्या जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणात एक मोठा रेणू असतो, लिपोपॉलिसॅकराइड. सोप्या शब्दांत त्याला एंडोटॉक्सिन, म्हणजे जिवाणूच्या अंगचं विष म्हणू. जिवाणू मेला की हे विष सुटतं. आतड्याच्या आतच राहिलं तर फारसं बिघडत नाही. पण त्यातलं थोडं जरी भिंतीतून झिरपून रक्तात गेलं, तर प्रतिकारशक्तीला संसर्गाची वर्दी मिळते. मोठ्या प्रमाणात गेलं तर माणूस दगावू शकतो. अगदी थोडं, पण रोज जात राहिलं तर ताप येत नाही आणि काही दुखतही नाही. शरीरात मात्र एक मंद दाह धुमसत राहतो. त्या दाहात स्नायू आणि यकृत इन्शुलिनचं ऐकेनासे होतात. स्वादुपिंड जास्त इन्शुलिन ओतत राहतं आणि एके दिवशी तेही पुरं पडत नाही. लठ्ठपणातून मधुमेहाकडे जाणारी ही एक वाट झाली. एकमेव नव्हे, पण खरी.

ही वाट शांघायमध्ये सापडली नाही. बेल्जियममधल्या लूव्हेनचे पात्रिस कानी आणि त्यांच्या फ्रेंच सहकाऱ्यांनी ती २००७ मध्ये दाखवली होती. चार आठवडे स्निग्ध खाणं दिल्यावर उंदरांच्या रक्तातलं एंडोटॉक्सिन दुप्पट-तिप्पट झालं. मग त्यांनी साधं खाणाऱ्या उंदरांना तेवढंच एंडोटॉक्सिन संथपणे टोचत ठेवलं. त्यांचीही उपाशीपोटीची साखर आणि वजन स्निग्ध खाणाऱ्या उंदरांसारखंच वाढलं. त्यामुळे हे विष संशयित ठरलं होतं. ते विष बनवतो कोण, माणसाच्या आतड्यातला नेमका कुठला जिवाणू, हे ठरायचं होतं. शांघायच्या स्वयंसेवकाच्या आतड्यात हे विष बनवणारी जनुकंही आहाराबरोबर कमी होत गेली, रक्तातलं विष उतरलं आणि दाह निवळला. साखळीची प्रत्येक कडी एकाच दिशेला झुकत होती.

पण इथेच सावध व्हायला हवं. जिवाणू कमी झाला आणि वजन उतरलं, हे दोन्ही एकाच वेळी घडलं. याचा अर्थ जिवाणूमुळे वजन वाढलं होतं असा होत नाही. उलटही असू शकतं. चुकीचं खाणं आणि वाढलेली चरबी यांमुळेच आतड्यात एंटेरोबॅक्टरला सोयीचं वातावरण झालं असेल, खाणं बदललं तसं ते वातावरण गेलं आणि जिवाणूही गेला. जिवाणूंवरचे बहुतेक अभ्यास याच वळणावर अडतात. शंभर लठ्ठ, शंभर सडपातळ माणसं घ्यायची, दोघांच्या शौचातले जिवाणू मोजायचे, फरक सापडला की बातमी. कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हे मोजून कळत नाही.

त्यासाठी शंभराहून अधिक वर्षांपूर्वीची एक कसोटी आहे, रॉबर्ट कॉक यांच्या नावाची. क्षयाचा जिवाणू १८८२ मध्ये दाखवणारे हेच कॉक १८९७ मध्ये प्लेगचा अभ्यास करायला मुंबईत आले होते. रोग्याच्या शरीरातून जंतू वेगळा काढा, तो एकटा वाढवा, निरोगी प्राण्याला द्या, आणि तोच रोग उभा राहतो का ते पाहा. क्षयाला ही कसोटी चालली. लठ्ठपणा आणि मधुमेह यांना ती लावून पाहायची, हे झाओ यांच्या गटाचं धाडस. ते मला फार मोलाचं वाटतं, कारण या कसोटीत तोंडघशी पडायची पुरेपूर शक्यता होती. जिवाणू दिला आणि उंदीर सडपातळच राहिले असते, तर सगळी मांडणी तिथल्या तिथे कोसळली असती.

त्यांनी जंतुविरहित उंदीर घेतले. असे उंदीर बंद कक्षात, निर्जंतुक हवा, पाणी आणि खाद्य यांवर जन्मापासून वाढवतात. त्यांच्या आतड्यात काहीच नसतं. त्यांतल्या काहींना स्वयंसेवकाकडून मिळालेला बी२९ पाजला, काहींना नाही. शिवाय दोन प्रकारचं खाणं ठेवलं. एक उंदरांचं नेहमीचं साधं खाद्य, दुसरं भरपूर स्निग्ध.

जंतुविरहित उंदरांना नुसतं स्निग्ध खाद्य दिलं, ते लठ्ठ झाले नाहीत. बी२९ दिला आणि सोबत स्निग्ध खाद्यही दिलं, ते पुरते लठ्ठ झाले. त्यांचं शरीर इन्शुलिनला दाद देईना, रक्तात एंडोटॉक्सिन चढलं, दाह वाढला. माणसातलं चित्रच उंदरात उतरलं म्हणायचं. आणि तिसरा गट, ज्याच्याबद्दल बातम्यांत सगळ्यात कमी बोललं गेलं. त्यांच्या आतड्यात बी२९ होता, पण खाणं साधं होतं. ते लठ्ठ झाले नाहीत. इन्शुलिनची तक्रारही त्यांच्यात उभी राहिली नाही.

माझ्या मते या संपूर्ण प्रकरणाचं सार या तिसऱ्या गटात आहे. एकटा जिवाणू पुरला नाही, एकटं खाणंही पुरलं नाही. दोघं एकत्र आल्यावरच बिघाड झाला. 'लठ्ठपणाचा जंतू सापडला' असे मथळे तेव्हा बऱ्याच ठिकाणी झळकले. त्या मथळ्यांत या उंदरांना जागा नव्हती.

स्निग्ध खाणं यात नेमकं काय करतं? काही गोष्टी बऱ्यापैकी कळल्या आहेत. चरबी पचून रक्तात शिरते तेव्हा तिच्या थेंबांबरोबर एंडोटॉक्सिनही आत ओढलं जातं. स्निग्ध आणि तंतूविना असलेल्या आहारानं आतड्याच्या भिंतीवरचा बुळबुळीत थर विरळ होतो आणि पेशींमधले सांधे सैल पडतात. म्हणजे दाराशी चोर आणि दार उघडं, असा प्रकार. साध्या, तंतुमय खाण्यात चोर असला तरी दार लागलेलं राहतं.

या प्रकरणातून जे सिद्ध होत नाही, तेही स्पष्ट मांडायला हवं. माणूस एकच होता. तुलनेसाठी दुसरा माणूस नव्हता. इतका तंतुमय, भरड आहार घेणारा माणूस साहजिकच कमी उष्मांक खातो, आणि वजन उतरण्यात त्याचा वाटा किती, जिवाणूंचा किती, हे एका माणसावरून वेगळं करता येत नाही. प्रत्येक लठ्ठ माणसाच्या आतड्यात बी२९ असतो असंही नाही. दुसऱ्या एखाद्याच्या आतड्यात दुसराच कुणी माजलेला असेल, तिसऱ्याच्या बाबतीत दोष जिवाणूंचा नसेलच. शिवाय तेवीस आठवड्यांनीही स्वयंसेवकाचं वजन १२३.४ किलो होतं. उंचीचा हिशेब केला तर बॉडी मास इंडेक्स ४१च्या वर. वैद्यकाच्या भाषेत तो अजूनही तीव्र लठ्ठच होता. पण साखर आणि रक्तदाब सुधारायला आदर्श वजन गाठावं लागलं नाही. वजन उतरवताना निराश झालेल्या माणसांपर्यंत ही एक गोष्ट पोचावी असं मला फार वाटतं.

मग वनस्पतींमधली द्रव्यं? कारल्यानं किती केलं, कंदानं किती, तंतूंनी किती? या प्रकरणातून त्याचं उत्तर मिळत नाही. सगळं एका थाळीत होतं. त्यासाठी एक एक द्रव्य सुटं करून पाहावं लागतं, आणि तसं सगळ्यात नीट पाहिलं गेलेलं द्रव्य म्हणजे बर्बेरीन.

बर्बेरीन हे पिवळं, कडू द्रव्य. आपल्या दारुहळदीचा पिवळा रंग त्याचाच. दारुहळदीच्या काढ्यापासून केलेलं रसांजन काष्ठौषधींच्या दुकानात आजही मिळतं. चरकसंहितेतल्या प्रमेहाच्या, म्हणजे मधुमेहासारख्या विकाराच्या, चिकित्सेत दारुहळद, देवदार, त्रिफळा आणि नागरमोथा यांचा काढा सांगितलेला आहे. चीनमध्ये हेच द्रव्य ह्वांगल्यान नावाच्या मुळीतून मिळतं, आणि तिथे बर्बेरीनची गोळी जुलाबावरचं स्वस्त औषध म्हणून घराघरांत असते. मधुमेहाशी त्याचा संबंध तिथल्या वैद्यकात १९८८ मध्ये नोंदला गेला. मधुमेहाच्या रुग्णांना जुलाबासाठी बर्बेरीन दिलं होतं, आणि जुलाबाबरोबर साखरही उतरली. आतड्याचं औषध रक्तातली साखर उतरवतं, ही गाठ मधुमेहाच्या आजच्या अभ्यासात पुन्हा पुन्हा समोर येते.

२००८ मध्ये शांघायच्या डॉक्टरांनी नव्यानं मधुमेह झालेल्या ३६ रुग्णांवर तीन महिने चाचणी घेतली. काहींना बर्बेरीन अर्धा ग्रॅम दिवसातून तीनदा, काहींना मेटफॉर्मिन ही मधुमेहाची नेहमीची गोळी. बर्बेरीन घेणाऱ्यांची तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, ९.५ टक्क्यांवरून ७.५वर आली. परिणाम मेटफॉर्मिनच्या बरोबरीचा. रुग्ण मोजके होते हे खरं, तरी दुर्लक्ष करण्यासारखा आकडा नाही.

यात एक कोडं होतं. बर्बेरीन पोटातून रक्तात जवळजवळ जातच नाही. तोंडानं घेतलेल्या डोसापैकी एक टक्काही रक्तात पोचत नाही. जे रक्तात नाही ते साखर कशी उतरवतं? उत्तराचा एक धागा झाओ यांच्याच प्रयोगशाळेतून आला. त्यांनी २०१२ मध्ये दाखवलं की स्निग्ध खाणाऱ्या रॅट जातीच्या मोठ्या उंदरांना बर्बेरीन दिलं तर ते लठ्ठ होत नाहीत आणि त्यांच्यात इन्शुलिनला विरोधही उभा राहत नाही. त्यांच्या आतड्यातले जिवाणू मात्र पार बदलतात. बर्बेरीन जंतुनाशक असल्यानं जिवाणूंच्या जाती कमी झाल्या, आणि उरलेल्यांत लघुशृंखला मेदाम्लं, म्हणजे जिवाणू तंतूंपासून बनवतात ती उपयुक्त आम्लं, बनवणाऱ्यांचा वाटा वाढला. जिवाणूंची विविधता जास्त तितकं चांगलं, असं सरसकट सांगणाऱ्यांनी हे उंदीर लक्षात ठेवावेत. दुसरा धागा २०१५ मध्ये बीजिंगहून आला. आतड्यातले जिवाणू बर्बेरीनचं रूप बदलून ते सहज शोषलं जाईल असं करतात, आणि आतड्याच्या भिंतीत ते पुन्हा मूळ रूपात येतं. म्हणजे द्रव्य जिवाणूंना बदलतं आणि जिवाणू द्रव्याला.

बर्बेरीनची एक मोठी चाचणी २०२० मध्ये छापून आली, शांघायच्या रुइजिन रुग्णालयाच्या पुढाकारानं. चीनमधली वीस केंद्रं, नव्यानं मधुमेह झालेले ४०९ रुग्ण, चार गट, बारा आठवडे. एका गटाला बर्बेरीन, एकाला बर्बेरीन आणि उपयुक्त जिवाणूंची (प्रोबायोटिक) पूड, एकाला नुसती पूड, एकाला बनावट, म्हणजे औषध नसलेली गोळी. एचबीएवनसी बर्बेरीनच्या दोन्ही गटांत सुमारे एक टक्क्यानं उतरलं. नुसत्या पुडीच्या गटात घट ०.५३ टक्के, बनावट गोळीच्या गटात ०.५९. याचा अर्थ पुडीनं बनावट गोळीपेक्षा जास्त काही केलं नाही, बर्बेरीनलाही तिची भर पडली नाही. प्रोबायोटिकच्या महागड्या बाटल्या विकत घेण्याआधी हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. बर्बेरीननं काम कसं केलं, याचाही एक माग या चाचणीत लागला. आतड्यातला रुमिनोकॉकस ब्रोमाय हा जिवाणू पित्तातल्या आम्लांचं रूप बदलतो, आणि बर्बेरीन ते काम रोखतं. सोबत पोटाच्या तक्रारीही बर्बेरीनच्या गटांत जास्त होत्या.

मेटफॉर्मिनची कुळकथाही वनस्पतीतच सुरू होते, हे इथे सांगायला हवं. गॅलेगा या युरोपीय झुडपात ग्वानिडीन जातीची द्रव्यं सापडली, त्यांच्यावरून पुढे हे औषध बनलं आणि पॅरिसच्या जाँ स्टर्न यांनी १९५७ मध्ये ते मधुमेहासाठी वापरल्याचं जाहीर केलं. त्याच्या परिणामाचा काही भाग आतड्यातल्या जिवाणूंमार्फत होतो, हे आता कळू लागलं आहे. झाडाचं ते चांगलं, गोळीची ती वाईट, असं मानणारे माझ्याही घरात आहेत. त्यांना मी हीच हकीकत सांगत असते.

झाओ यांचा गट मात्र सुट्या द्रव्याच्या मागे अडकला नाही, पुन्हा थाळीकडे वळला. २०१८ मध्ये त्यांची मधुमेहाच्या रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. दोन्ही गटांना अकार्बोज ही नेहमीची गोळी. ही गोळी पिष्ट पचू देत नाही, त्यामुळे ते मोठ्या आतड्यात जाऊन जिवाणूंचं खाद्य होतं. एका गटाला नेहमीचा सल्ल्याचा आहार, तंतू दिवसाला सुमारे १६ ग्रॅम. दुसऱ्याला अखंड धान्यं, औषधी खाद्यं आणि तंतू यांचा तोच आहार, तंतू सुमारे ३७ ग्रॅम. बारा आठवड्यांनी एचबीएवनसी सात टक्क्यांच्या खाली आलेले रुग्ण पहिल्या गटात ५० टक्के, दुसऱ्यात ८९ टक्के. तंतू वाढवल्यावर आतड्यातले सगळेच 'चांगले' जिवाणू वाढले नाहीत. जे जिवाणू मेदाम्लं बनवू शकतात त्यांतल्या फक्त १५ उपजातींनी उचल खाल्ली. हे १५ जण जितके जास्त आणि जितके विविध, तितकी साखर चांगली आटोक्यात. त्यांनी बनवलेल्या आम्लांमुळे आतड्यातलं वातावरण आंबट होतं, आणि एंटेरोबॅक्टरसारख्यांना त्यात तग धरणं जड जातं. स्वयंसेवकाच्या पोटातून बी२९ का हटला असावा, याचं सगळ्यात पटणारं उत्तर मला इथे सापडतं. तण एकेक करून उपटलं गेलं नाही. पीक दाट झालं आणि तणाला जागा उरली नाही.

बी२९ची कथा २०२० मध्ये आणखी पुढे गेली. तो आणि लठ्ठ माणसांच्या आतड्यातले त्याच्यासारखे आणखी दोन जिवाणू उंदरांच्या यकृतात चरबी साठवतात, हे त्याच गटानं दाखवलं. आणि बी२९मधलं एंडोटॉक्सिन घडवणारं एक जनुक काढून टाकलं, तेव्हा त्याची ती ताकदच गेली. विष हाच दुवा आहे, याचा इतका थेट पुरावा २०१२ मध्ये हातात नव्हता.

हे सगळं चीनमधलं आहे. चिनी आतडं, चिनी थाळी. जसंच्या तसं उचलून महाराष्ट्रावर ठेवता येणार नाही. आपल्यापुढचा प्रश्नही वेगळ्या अंगाचा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःचेच फोटो आणि मोजमापं छापली होती. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. वजनकाट्यावर सडपातळ दिसणारा आपला माणूस आतून लठ्ठ असू शकतो, आणि मधुमेहाचा संबंध त्या आतल्या चरबीशी असतो. भारतात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाठबळानं झालेल्या पाहणीतून २०२३ मध्ये पुढे आला. त्यांत १७४ किलोंची माणसं क्वचितच. दंड बारीक आणि पोट पुढे, अशीच बहुतेक. त्यांच्यासाठी आपल्याच थाळीवर, ज्वारी-बाजरी, कुळीथ, मटकी, मेथी आणि पालेभाज्यांवर, असा काटेकोर आणि मोठा अभ्यास व्हावा असं मला कळकळीनं वाटतं. ज्वारी सोडून मैदा आणि पांढरा भात यांच्याकडे गेलेल्या दोन पिढ्यांच्या आतड्यात काय बदललं, हे आपलं आपणच शोधायला हवं.

सकाळी बागेच्या फाटकाशी उभं राहून कारल्याचा रस पिणारी माणसं आपल्या सगळ्या शहरांत दिसतात. माझी आत्याही बरीच वर्षं त्यांत होती. रस गाळला की चोथा गेला, आणि शांघायच्या पेजेत सगळ्यात जास्त काम करणारा बहुधा तो चोथाच होता. नुसत्या कारल्यावरच्या चाचण्यांचा कॉक्रेन संस्थेनं २०१२ मध्ये आढावा घेतला, त्यात मधुमेहासाठी ते उपयोगी असल्याचा पुरेसा पुरावा सापडला नाही. कारल्याची भाजी खावी, पंचकडधान्याच्या उसळीशेजारी ती छान लागते. गोळ्या सोडून ग्लासभर रसावर विसंबू नये.

बर्बेरीनच्या कॅप्सूल आता ऑनलाइन सहज मिळतात. ते औषधासारखंच काम करतं, म्हणून त्याला औषधाचेच नियम लावावेत. इतर काही औषधांचं यकृतातलं विघटन ते मंदावतं, त्यामुळे त्यांची रक्तातली मात्रा वाढू शकते. साखरेच्या चालू गोळ्यांबरोबर घेतलं तर साखर खाली घसरू शकते. गरोदर बाईला आणि तान्ह्या बाळाला ते देऊ नये, कारण बाळाची कावीळ त्यानं धोकादायक होऊ शकते.

आणि ज्यांना थाळी बदलायची आहे, त्यांनी तंतू एकदम दुप्पट करू नयेत. पोट फुगतं, गॅस होतो आणि माणूस आठवड्याभरात कंटाळून सोडून देतो. दर आठ-दहा दिवसांनी थोडी भर, सोबत पाणी. इन्शुलिन किंवा साखर जोरानं उतरवणारी गोळी चालू असेल तर आहार बदलण्याआधी डॉक्टरांना सांगावं, आणि पहिले काही आठवडे घरी साखर वरचेवर तपासावी. थाळी बदलून तोच जुना डोस चालू ठेवला, तर साखर खाली जाऊन भोवळ येण्याची वेळ येते.